उंच चिमणीला गाळणी आली, आपल्या चुलीचं काय?



वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालू असतं, तेव्हा मागच्या ओळीत बसलेल्या बायकांचा खोकला मोजायची मला सवय लागली आहे. नर्सची खोड, दुसरं काय. पावसाळ्यात हा खोकला वाढतो. विचारलं की उत्तर ठरलेलं, "हवा बदलली ना ताई." हवा बदलते हे खरं. पण याच महिन्यांत लाकूड ओलं असतं, पावसामुळे दारं-खिडक्या लावलेल्या असतात आणि उन्हाळ्यात अंगणात पेटणारी चूल खाटेच्या शेजारी आत आलेली असते. बदललेली हवा ती हीच.

मी वॉर्डात ड्युटी करायचे तेव्हा धाप लागलेल्या पन्नाशीच्या, साठीच्या बायका यायच्या. केसपेपर भरताना मी विचारायचे, "बिडी ओढता का? मिश्री लावता का?" बिडी नाही म्हटलं की तसं लिहून मोकळी. "किती वर्षं चूल फुंकताय?" असं मी एकीलाही विचारलं नाही. पुढे माझ्या आईला धाप लागली. तिने आयुष्यात बिडीला हात लावला नव्हता. डॉक्टरांनी फुंकून घ्यायची तपासणी केली आणि सांगितलं, ही सीओपीडी, श्वासनळ्या कायमच्या आकसल्यात. तिच्या हातात चाळीसेक वर्षं फुंकणी होती आणि घरात मुलगी नर्स होती. हा लेख मी तिच्यासाठी उशिरा लिहिते आहे.

आता आपल्या डहाणूची एक गोष्ट सांगते, मग पुन्हा चुलीकडे येते.

डहाणूचं औष्णिक वीज केंद्र आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. त्याची चिमणी सुमारे २७५ मीटर उंच, लांबूनच दिसते. बीएसईएसने बांधलेलं हे केंद्र १९९५-९६ मध्ये सुरू झालं. क्षमता ५०० मेगावॅट. वीज जाते मुंबईच्या उपनगरांना. कोळसा जळला की राख उडते आणि गंधकाचा वायू निघतो. त्या वायूने पानं करपतात, छाती भरते. चिकूच्या वाड्यांची काळजी असणाऱ्या इथल्याच नर्गिस इराणी, किटायून रुस्तम यांच्यासारख्या बायकांनी या केंद्राविरुद्ध कोर्टाची पायरी चढली. २० जून १९९१ ला केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. या प्राधिकरणाने १९९९ मध्ये कंपनीला सांगितलं, गंधकाचा वायू काढून टाकणारं यंत्र बसवा. कंपनीने खळखळ केली, वर्षं गेली, आणि २००७ मध्ये ते यंत्र चालू झालं.

ते यंत्र चालतं कसं, तर समुद्राच्या पाण्यावर. समुद्राच्या पाण्यात आम्लाला मारणारे क्षार आधीपासूनच असतात. चिमणीत जाणारा धूर या पाण्याच्या फवाऱ्यातून नेला की गंधकाचा वायू पाण्यात विरघळतो आणि क्षारांमुळे त्याचा जहालपणा मरतो. म्हणजे धूर चक्क धुतला जातो. राख पकडायला वेगळं यंत्र असतं, ते विजेच्या जोरावर बारीक राख पत्र्यांकडे ओढून घेतं.

निसर्ग आणि यंत्र एकमेकांचे वैरीच असतात असं नाही, हे इथे दिसतं. पण यंत्र आपोआप आलं नाही. मागणारं कोणीतरी होतं, ऐकणारं प्राधिकरण होतं आणि तरीही चिमणी पेटल्यापासून गाळणी बसेपर्यंत दहा-बारा वर्षं गेली. आणि हे सगळं चाललं होतं तेव्हा त्याच चिकूच्या वाड्यांत मजुरीला जाणारी आपली बाई संध्याकाळी घरी येऊन जी चूल पेटवत होती, त्या धुराचा कागद कोणत्याच फाइलीत नव्हता. आजही वाढवण बंदरावर सभा होतात, समुद्राबद्दल, मासळीबद्दल, चिकूबद्दल बोललं जातं. बोललंच पाहिजे. स्वयंपाकघराचा विषय मात्र कोणी काढत नाही.

धुरात असतं काय? डोळ्यांना झोंबतो तो भाग दिसतो तरी. खरा त्रास न दिसणाऱ्या बारीक कणांचा, ज्यांना पीएम २.५ म्हणतात. केसाच्या जाडीच्या पंचवीस-तीसाव्या भागाएवढे हे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि रक्तातही उतरतात. आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे २४ तासांची सरासरी एका घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. जागतिक आरोग्य संघटना तर १५ म्हणते. लाकडाची चूल पेटलेल्या बंद खोलीत हा आकडा कित्येक शेकड्यांवर जातो. मोबाईलवर हवेचा जो आकडा दिसतो तो कुठल्या तरी खांबावरच्या यंत्राचा असतो, तुमच्या स्वयंपाकघराचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली, त्यांत पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून जास्त मुलं होती.

दुसरा वायू कार्बन मोनॉक्साईड. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आपल्या कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन आधीच कमी, त्यात ही भर. गरोदर बाई धुरात बसली की पोटातल्या बाळाचा ऑक्सिजन कमी होतो आणि बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. सिकलसेल असलेल्या माणसाला तर धुराजवळ बसवूच नका.

लहान मुलांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे वेळ फार थोडा मिळतो. घरात धूर असेल तर पाच वर्षांखालच्या मुलाला न्यूमोनिया होण्याचा धोका जवळजवळ दुपटीने वाढतो. न्यूमोनिया ओळखायला मोठं मशीन लागत नाही. हातातला मोबाईल पुरे. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, अंगातलं झबलं वर करा. मोबाईलवर एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. पूर्ण मिनिट मोजायचं, अर्धं मोजून दुप्पट करायचं नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असतील तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जाते आहे, मूल दूध ओढत नाही, झटके येतात, ग्लानीत आहे, ओठ निळसर दिसतात, यांपैकी एक जरी दिसलं तरी उद्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. डहाणू, कासा, तलासरी, जे सरकारी रुग्णालय जवळ असेल तिथे न्या. पोट उडतंय म्हणून डाग देणं, भगताकडे नेणं यात गेलेला वेळ परत मिळत नाही. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा देऊन आपल्याला कशातून बाहेर काढलं हे मी इथे पुन्हा सांगत नाही.

बाळंतिणीची शेक-शेगडी हाही धुराचाच प्रकार. खोली बंद करायची, खाटेखाली निखारे ठेवायचे, बाळाला ओवा-शेपाची धुरी द्यायची. हेतू मायेचा असतो, पण दोन आठवड्यांच्या बाळाच्या फुप्फुसाला धुरीचा काही उपयोग नाही, नुकसान मात्र आहे. निखारे धूर देत नसले तरी कार्बन मोनॉक्साईड देतात, आणि बंद खोलीत त्याने माणसं झोपेतच दगावतात. ऊब हवी तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावून वरून गोधडी घ्या. कमी वजनाच्या बाळालासुद्धा हॉस्पिटलात आम्ही हेच करतो.

मग गॅस. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि बायकांच्या नावावर कनेक्शनं आली. बस्तीत फिरताना शेगडी घरोघरी दिसते, पुष्कळ ठिकाणी तिच्यावर प्लास्टिक झाकलेलं असतं. सिलिंडर चहापुरता, पाहुण्यांपुरता आणि आजारपणापुरता. बाकी भात, आमटी, आंघोळीचं पाणी चुलीवर. यावर शहाणी माणसं म्हणतात, या बायकांना सवय बदलायची नसते. मला हे ऐकून राग येतो. एका सिलिंडरला वाडीवरच्या मजुरीचे दोन-तीन दिवस एकदम मोजावे लागतात आणि लाकूड तर चालता-चालता मिळतं. हा सवयीचा नाही, रोख पैशाचा प्रश्न आहे. हायवेवरच्या हॉटेलांत "चुलीवरची भाकरी" अशी पाटी लावून जास्त पैसे घेतात. खाणारे गाडीत बसून निघून जातात. चुलीपुढे बसलेल्या बाईचे डोळे कोणी बघत नाही.

असलेल्या सोयी मात्र पुऱ्या वापरा. उज्ज्वलाच्या सिलिंडरमागे ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये सबसिडी ठरलेली आहे. ती खात्यात येते का, पासबुक भरून बघा. पुष्कळांची केवायसी नाही म्हणून अडकलेली असते. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचं जाहीर केलं, त्यासाठी कनेक्शन बाईच्या नावावर लागतं. नवऱ्याच्या नावावर असेल तर बदलून घ्या. चौदा किलोचा सिलिंडर एकदम झेपत नसेल तर पाच किलोचाही मिळतो, एजन्सीत मागा. आणि गॅस थोडाच असेल तर तो पावसाळ्यासाठी, घरात बाळंतीण किंवा तान्हं मूल असेल त्या महिन्यांसाठी राखून ठेवा. चहा अंगणातल्या चुलीवर झाला तर चालेल, पण बाळाच्या खोलीतला भात गॅसवर होऊ द्या.

गॅस वाचवायची एक जुनी युक्ती आहे. आपल्याकडे पेंढ्याला तोटा नाही. मोठ्या टोपलीत किंवा खोक्यात पेंढा घट्ट दाबून मध्ये पातेल्याएवढी जागा करा. तांदळाला उकळी आली, पाच मिनिटं चांगला रटरटला की घट्ट झाकण लावून पातेलं त्यात ठेवा, वरून पेंढ्याची उशी किंवा जुनी गोधडी. पाऊण तास उघडायचं नाही. आतल्या उष्णतेवर भात शिजतो. डाळ रात्री भिजत घातली तर तिलाही कमी वेळ लागतो. आंघोळीच्या पाण्याचं म्हणाल तर काळा रंग दिलेला पत्र्याचा डबा झाकून दिवसभर उन्हात ठेवला तर आठ महिने संध्याकाळचं पाणी कोमट मिळतं. इंडक्शन शेगडीही चांगली, पण बस्तीतली वायरिंग तपासून घ्या. आकडा टाकलेल्या किंवा पातळ वायरवर ती लावू नका. आणि ज्या तालुक्यात मुंबईची वीज तयार होते तिथे पावसात तासन् तास लाईट जाते, तेव्हा इंडक्शनवर सगळा भरवसा ठेवता येत नाही, हेही खरं.

चूल ठेवावीच लागणार असेल तर आगोटीला मीठ-मिरची भरून ठेवतो तसं सरपणही मे महिन्यात फोडून, वाळवून, छपराखाली उंचावर रचा. ओल्या लाकडाची बरीच आग पाणी सुकवण्यातच जाते आणि धूर तेवढा वाढतो. चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी, टायरचा तुकडा घालू नका. उंबरगाव, सरीगामच्या कारखान्यांतून आणलेल्या रंग दिलेल्या फळ्या आणि फोमही नको, त्यांचा धूर लाकडापेक्षा विषारी. चुलीच्या वर पत्र्याला किंवा कौलांना हवा जायला जागा ठेवा. आजीच्या पिढीला सरकारी निर्धूर चूल आठवत असेल. तो कार्यक्रम २००२ मध्ये बंद झाला. पुष्कळ चुली त्याआधीच निकामी झाल्या होत्या, कारण नळीतली काजळी साफ कोण करणार हे कोणी ठरवलंच नव्हतं. आज अशी चूल केलीत तर नळी छपराच्या वर हातभर न्या आणि महिन्यातून एकदा काजळी झटका. धूर कमी होतो, संपत नाही, म्हणून मूल पाठीशी बांधून तिच्यापुढे बसू नका.

डासांची कॉइलही याच हिशोबात धरा. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असताना डॉ. संदीप साळवी यांनी सांगितलं होतं की बंद खोलीत जळणारी एक कॉइल बारीक कणांच्या बाबतीत सुमारे शंभर सिगारेटींएवढी पडते. मच्छरदाणी लावा. आणि रागावू नका, पण आपल्या विहाराबद्दलही बोलते. दहा बाय बाराच्या विहारात वंदनेला प्रत्येक घराची वेगळी अगरबत्ती लागते आणि दार लावलेलं असतं. वंदना दोन-तीन फुलांनी आणि सगळ्यांत मिळून एका अगरबत्तीनेही होते, खिडकी उघडी ठेवून.

दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर तो धुराचाच असं धरून बसू नका. थुंकी तपासून घ्या, टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. टीबी नसेल आणि चढावर धाप लागत असेल तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा, "मी इतकी वर्षं चूल फुंकली आहे." ते विचारायला विसरतात, मीही विसरत होते. पंप दिला तर वापरा. पंपाची सवय लागते ही अफवा आहे. त्यात औषध कमी असतं आणि ते थेट फुप्फुसात जातं.

येत्या पौर्णिमेला ग्रंथवाचन संपल्यावर मी विहारात थांबणार आहे. ज्यांचं कनेक्शन नवऱ्याच्या नावावर आहे, सबसिडी आलेली नाही किंवा कनेक्शनच नाही, त्यांनी आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि असेल तर गॅसचं पुस्तक घेऊन या. झेरॉक्स दोन-दोन आणा. ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे त्यांनी मुलालाही आणा, श्वास मोजायचे कसे ते तिथेच करून दाखवते.