धान्याचा ओलावा व प्रकाशाची चिप

धान्यांतील ओलावा हा शेतकऱ्याच्या नफ्यातोट्याचा विषय होय. सोयाबीनच्या सरकारी खरेदीस ओलाव्याची मर्यादा सामान्यतः शेंकडा १२ धरितात. २०२४ च्या हंगामांत ती शेंकडा १५ पर्यंत वाढविली होती. एकदां एका व्यापाऱ्यानें आमच्या मालाचा दाणा दांताखालीं धरून तो ओला ठरविला व कडता कापला. महसुलाच्या दप्तरांत आम्ही तीस वर्षें आंकडे मांडले. पण त्या दिवशीं उत्तर देण्यास आमच्याजवळ एकही आंकडा नव्हता.

हा आंकडा प्रकाशावरून काढतां येतो. तांबड्या रंगापलीकडे डोळ्यांस न दिसणारा प्रकाश असतो. त्यांतील सुमारें १४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पाणी विशेषेंकरून शोषून घेतें. दाण्यांवरून परत आलेल्या प्रकाशांत हा भाग जितका कमी, तितका ओलावा अधिक. अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील कार्ल नॉरिस यांनीं १९६० च्या दशकांत या तत्त्वावर धान्यपरीक्षेचा पाया घातला.

प्रकाशांतील निरनिराळ्या तरंगलांब्या वेगळ्या करून मोजणाऱ्या यंत्रास वर्णपटमापक म्हणतात. लोलकाच्या यंत्रांत त्या एकमेकींपासून दूर जाण्यास अंतर लागतें, म्हणून तें यंत्र मोठें होतें. आतां सिलिकॉनच्या चिपवर सुमारें अर्ध्या मायक्रोमीटर रुंदीचे पाट कोरतात. शेतांतील पाटाच्या पाण्याप्रमाणें प्रकाश त्यांतून वाहतो. पाटालगत एक वाटोळी कडी असते. ज्या प्रकाशाच्या लाटा कडीच्या परिघांत पूर्ण संख्येनें बसतात, तोच तींत शिरतो. बाकीचा पुढें जातो. कडी किंचित् तापविली कीं ही निवड बदलते. अशा रीतीनें एकामागून एक तरंगलांबी मोजतां येते, व सर्व रचना नखावर मावते.

परंतु चिप ओलावा सांगत नाहीं. ती केवळ प्रकाश मोजते. भट्टींत वाळवून ओलावा ठरविलेल्या नमुन्यांशीं, प्रत्येक पिकासाठीं, तिचें माप आधीं जुळवावें लागतें. गव्हासाठीं जुळविलेलें यंत्र सोयाबीनला लावणें म्हणजे एका गांवच्या आकारणीनें दुसऱ्या गांवचा सारा वसूल करणें होय.

म्हणून कोणतेंही यंत्र पुढें आलें असतां वाचकांनीं तीन गोष्टी विचाराव्या:

१. तें कोणत्या पिकासाठीं जुळविलें आहे?
२. शेवटचें केव्हां पडताळलें?
३. नमुना वरच्याच दाण्यांचा, कीं पोत्याच्या तळाचाही?

शंका राहिल्यास नमुना भट्टींत, वजन स्थिर होईपर्यंत, वाळवून घ्यावा. १०० ग्रॅमचे ८८ ग्रॅम उरल्यास ओलावा शेंकडा १२ समजावा. आणि तो आंकडा लिहून घेतल्याखेरीज कडता मान्य करूं नये.