मांजर आजारी आहे का?

हजरत मुहंमद पैगंबर (स.) यांच्या एका सहकाऱ्याला मांजरीच्या पिल्लाचा फार लळा होता. म्हणून लोक त्यांना 'अबू हुरैरा' म्हणजे 'मांजरीच्या पिल्लाचे वडील' म्हणत. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाली, असेही हदीसमध्ये सांगितले आहे. मुक्या जिवाची जबाबदारी किती मोठी असते, हे यावरून कळते. पण मांजराला खाऊ घातले की ही जबाबदारी संपते का? नाही. त्याचे दुखणेही आपल्याला ओळखता आले पाहिजे.

मांजर आपले दुखणे लपवते. दुबळा दिसणारा प्राणी शत्रूच्या तावडीत लवकर सापडतो. म्हणून आजारी मांजर सहसा ओरडत नाही. पलंगाखाली किंवा कोपऱ्यात गुपचूप बसून राहते. आपल्याला वाटते, ते झोपले आहे. तोपर्यंत आजार वाढतो. यासाठी मांजराच्या रोजच्या सवयींवर लक्ष ठेवावे.

निरोगी मांजर वेळेवर खाते आणि अंग चाटून स्वच्छ ठेवते. त्याने अंग चाटणे सोडले, केस राठ झाले, तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे. मांजराने पूर्ण एक दिवस काहीच खाल्ले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. बरेच दिवस उपाशी राहिल्यास त्याचे यकृत बिघडते. पिल्लाचे पोट फुगलेले आणि अंग मात्र रोडावलेले असेल, तर पोटात जंत असण्याचा संभव असतो. ते सारखे कान खाजवत असेल आणि कानात काळा चुरा दिसत असेल, तर कानात बारीक किडे झालेले असू शकतात. अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसले, तर ते गजकर्ण असू शकते. ते माणसांनाही होते. म्हणून मांजराला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत.

काही वेळा मात्र क्षणाचाही उशीर करू नये. बोका लघवीसाठी पुन्हा पुन्हा बसतो, पण लघवी होत नाही, असे दिसले तर त्याची लघवी तुंबलेली असते. उपचार न झाल्यास तो एक-दोन दिवसांत मरू शकतो. तोंड उघडे ठेवून धापा टाकणाऱ्या मांजरालाही ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

मालेगाव, भिवंडी यांसारख्या यंत्रमागांच्या गावांत सूत जिकडेतिकडे पडलेले असते. मांजर खेळता खेळता ते गिळते. तोंडातून दोरा लोंबताना दिसला तरी तो ओढू नये. आतडे फाटण्याची भीती असते. तो डॉक्टरांनाच काढू द्यावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माणसाचे औषध मांजराला कधीही देऊ नये. तापावर आपण पॅरासिटामॉलची गोळी घेतो. मांजराच्या शरीराला ती पचवता येत नाही. एका गोळीनेही त्याचा जीव जाऊ शकतो. कुत्र्याच्या पिसवांचे औषधही मांजराला विषारी ठरू शकते.

आजार होऊ नये म्हणून काय करावे? पिल्लू ६ ते ८ आठवड्यांचे झाले की पशुवैद्याकडे न्यावे. तेथे जंतांचे औषध मिळते आणि लसी सुरू होतात. रेबीजची लस साधारण ३ महिन्यांनंतर देतात. पुढील लसी डॉक्टर सांगतील त्या तारखेला टोचून घ्याव्यात. पिण्यासाठी नेहमी स्वच्छ पाणी ठेवावे. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. त्यांना जुलाब होतात. मांजर चावले किंवा ओरखडले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि लगेच रुग्णालयात जावे.

मुलांनो, मांजराला आपले दुखणे सांगता येत नाही. ते आपणच पाहून ओळखायचे असते. दररोज थोडे लक्ष दिले, तर एका मुक्या जिवाचे प्राण वाचू शकतात.

स्वाध्याय

१. 'अबू हुरैरा' या नावाचा अर्थ काय?
२. मांजर आपले दुखणे का लपवते?
३. कारण लिहा : मांजराला पॅरासिटामॉलची गोळी देऊ नये.
४. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या मांजराच्या सवयी आठ दिवस पाहा व पाच वाक्ये लिहा.