वारसा की संसर्ग?

हॅमस्टर हा उंदरासारखा, आखूड शेपटीचा लहानसा प्राणी आहे. अमेरिकेतील बेथेस्डा येथील दंतसंशोधन संस्थेत पॉल कीज हे शास्त्रज्ञ अशा प्राण्यांवर प्रयोग करीत. तेथील काही हॅमस्टरांना साखरयुक्त अन्न दिले की त्यांचे दात किडत; दुसऱ्या काहींचे दात तेच अन्न खाऊनही शाबूत राहत. पिलांची गतही आयांसारखीच होई. तेव्हा किडके दात हा वारसाच होय, असे वाटणे स्वाभाविक होते.

कीज यांनी कीड लागणाऱ्या माद्यांना पेनिसिलीन दिले. आश्चर्य असे, की त्यांच्या पिलांचे दात किडले नाहीत! वंश तोच, आहारही तोच. मग बदलले काय? पुढे शाबूत दातांची पिले किडक्या दातांच्या हॅमस्टरांसह एकाच पिंजऱ्यात ठेवली, तेव्हा त्यांचेही दात किडू लागले. आईकडून पिलांना रूपाबरोबर तोंडातील जंतूही मिळत होते! हे जंतू साखरेपासून आम्ल बनवितात आणि त्या आम्लाने दाताचे कठीण कवच झिजते.

हे संशोधन १९६० साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी फिट्झजेराल्ड व कीज यांनी किडलेल्या दातांतील स्ट्रेप्टोकोकस जंतू वेगळे काढले आणि ते निरोगी हॅमस्टरांच्या तोंडात सोडून कीड उत्पन्न केली.

म्हणून वंशाचा काहीच प्रभाव नसतो, असे मात्र नव्हे. मिशिगनमध्ये हंट व हॉपर्ट यांनी १९३७ पासून निवडक उंदरांची पैदास केली होती. त्यांतून एक वंश लवकर दात किडणारा, तर दुसरा दीर्घकाळ न किडणारा निपजला.