आजीचं लोणचं विमानतळावर का अडतं? : नियम, कारण आणि परिणाम शिकवणारा एक पाठ



आपल्या महाड-पोलादपूर भागातल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी कामासाठी आखाती देशात आहे. त्यामुळे आपल्या मुलांनी विमान आतून पाहिलेलं नसलं, तरी विमानतळावरच्या गोष्टी त्यांच्या कानावर असतात. चौथीच्या वर्गात प्रवासातल्या जेवणाविषयी बोलत होतो. तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, आजीने बाबांना दिलेलं लोणचं विमानतळावर काढून घेतलं. लोणच्यात असं काय असतं?" बाकीची मुलं हसली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या प्रश्नावरून दोन तासिकांचा हा पाठ तयार झाला. तिसरी ते पाचवीपर्यंत चालेल.

पाठाचा हेतू

"नियम पाळा" हे आपण मुलांना रोज सांगतो. नियम का झाला, त्यामुळे काय बदललं आणि त्याची झळ कुणाला बसते, हे मात्र क्वचितच सांगतो. कारण न कळलेला नियम मुलं एकतर घाबरून पाळतात, नाहीतर बाईंची पाठ फिरली की मोडतात. विमानातलं जेवण हे यासाठी फार चांगलं उदाहरण आहे. तिथल्या ताटातला चमचासुद्धा कुठल्या ना कुठल्या घटनेनंतर बदललेला आहे.

१. ताटातली सुरी कुठे गेली?

पूर्वी विमानात जेवणासोबत स्टीलचा चमचा, काटा आणि सुरी सर्रास मिळायची. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत दहशतवाद्यांनी चार प्रवासी विमानं ताब्यात घेतली. त्यात जवळजवळ तीन हजार माणसं मेली. अपहरणकर्त्यांकडे बंदुका नव्हत्या, छोटी धारदार पाती होती. त्या वेळी अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान पात्याचा चाकू विमानात नेता येत होता. म्हणजे चाकूचा नियम होता, पण त्यात फट होती.

त्यानंतर जगभर तपासणी कडक झाली. प्रवाशाच्या खिशातला छोटा चाकू काढून घ्यायचा आणि आत बसल्यावर त्यालाच स्टीलची सुरी द्यायची, हे काही जुळत नव्हतं. म्हणून बहुतेक विमान कंपन्यांनी धातूच्या सुऱ्या काढून प्लॅस्टिकच्या दिल्या. कितीतरी विमानांत काटा-चमचा स्टीलचा आणि सुरी तेवढी प्लॅस्टिकची, असा प्रकार होता. पुढे काही ठिकाणी नियम सैल झाले. आता अमेरिकेत लोणी लावायची बोथट, गोल टोकाची सुरी चालते.

आपल्या देशाला हा धडा आधीच मिळाला होता. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला येणारं इंडियन एअरलाइन्सचं आयसी ८१४ हे विमान पळवून कंदाहारला नेलं गेलं. त्यात एका प्रवाशाला भोसकून मारलं. त्यानंतर २००० सालापासून आपल्या विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे टप्प्याटप्प्याने देण्यात आली. तपासणीच्या रांगेत खाकी गणवेशातले जवान दिसतात, ते याच दलाचे.

गंमत पुढे आहे. सुरक्षेसाठी प्लॅस्टिक आलं आणि त्या प्लॅस्टिकचा कचरा झाला. १ जुलै २०२२ पासून भारतात एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या चमचे, काटे, सुऱ्यांवर बंदी आली. मग विमानातही लाकडी किंवा बांबूचे चमचे दिसू लागले. स्टील, प्लॅस्टिक, लाकूड असा हा प्रवास फळ्यावर बाणांनी काढून दाखवा आणि प्रत्येक बाणावर 'का?' लिहा. आमच्या वर्गात एकजण म्हणाला, "बाई, भाकरीला सुरी लागतच नाही!" बरोबरच आहे. हाताने खाणाऱ्यांचं या नियमाने काहीच अडलं नाही. एकच नियम सगळ्यांना सारखा जाणवत नाही, हा मुद्दा मुलाने स्वतःच आणून दिला.

२. १०० मिलीलीटरची गोष्ट

आता लोणच्याकडे येऊ. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनच्या पोलिसांनी एक कट उघड केला. शीतपेयाच्या बाटल्यांमधून द्रव स्फोटकं नेऊन अमेरिकेकडे जाणारी विमानं उडवायचा बेत होता. १० ऑगस्टला तिथे हातातल्या सामानावर एकदम कडक निर्बंध आले. लहान बाळाचं दूध नेता येत होतं, पण सोबतच्या मोठ्या माणसाला ते जवानांसमोर चाखून दाखवावं लागत होतं.

काही आठवड्यांनी त्यातून एक ठरावीक नियम तयार झाला आणि तो जगभर पसरला. आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेतला द्रव जास्तीत जास्त १०० मिलीलीटरच्या बाटलीत हवा आणि अशा सगळ्या बाटल्या एक लीटरच्या पारदर्शक पिशवीत मावायला हव्यात. इथे द्रव म्हणजे फक्त पाणी नव्हे. जे सांडतं, ओघळतं, माखतं ते सगळं. तेलात मुरलेलं लोणचं, तूप, मध, दही, ओली चटणी, कोकम आगळ सगळं त्यात आलं. तपासणीच्या यंत्राला आजीचा हात ओळखता येत नाही. त्याला फक्त बाटली आणि तिच्यातला दाट पदार्थ दिसतो.

गणिताचा सराव इथेच घ्या. खोकल्याच्या औषधाची १०० मिलीची रिकामी बाटली आणि एक लीटरची पाण्याची बाटली वर्गात आणा. किती औषधाच्या बाटल्यांनी ती भरेल? मग थोडा अवघड प्रश्न : २०० मिलीच्या बाटलीत फक्त ५० मिली तेल आहे, चालेल का? मुलं हमखास 'हो' म्हणतात. उत्तर 'नाही' आहे, कारण नियम बाटलीच्या मापाला आहे.

याची झळ कुणाला बसते, तेही विचारा. परदेशी जाणाऱ्याला भरलेली पाण्याची बाटली तपासणीपुढे नेता येत नाही. मग आत गेल्यावर रिकामी बाटली नळावर भरायची, नाहीतर विकत घ्यायचं. विमानतळावरच्या महाग खाण्याबद्दल इतक्या तक्रारी झाल्या की डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर १० रुपयांत चहा देणारा 'उडान यात्री कॅफे' सुरू करावा लागला.

आणि नियम बदलतात, हेही सांगाच. सामानाचं सर्व बाजूंनी चित्र दाखवणारी नवी यंत्रं आल्यावर ब्रिटनमधल्या काही विमानतळांनी १०० मिलीची मर्यादा उठवून दोन लीटरपर्यंत नेली आहे.

३. नारळाचं काय?

कोकणातल्या मुलांना हा भाग सर्वात आवडतो. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेल असतं. त्यामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. म्हणून सुकं खोबरं विमानात न्यायला मनाई आहे. पण शबरीमलाच्या यात्रेकरूंच्या इरुमुडीत, म्हणजे पूजेच्या गाठोड्यात, नारळ असतोच. म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरात नागरी विमान सुरक्षा ब्युरोने त्यांना नीट तपासणी करून हातातल्या सामानातून नारळ न्यायची परवानगी दिली, ती २० जानेवारी २०२५ पर्यंत. कारण माहीत असलेल्या नियमात विचार करून सवलत देता येते. हे मुलांना पटकन समजतं.

४. स्वयंपाकघरापर्यंत गेलेले नियम

विमानात स्वयंपाक होत नाही. जमिनीवरच्या मोठ्या स्वयंपाकघरात जेवण शिजतं, झटपट थंड होतं, ट्रॉलीत भरलं जातं, तपासणी होऊन ट्रॉलीला सील लागतं आणि मग ते विमानात चढतं. सील तुटलेलं दिसलं तर पुन्हा तपासणी. वर फक्त गरम करून वाढतात. जेवणातून कुणी काही घुसवू नये म्हणून ही काळजी.

काळजीचं दुसरं कारण आहे विषबाधा. फेब्रुवारी १९७५ मध्ये जपान एअरलाइन्सच्या एका विमानात ऑम्लेट खाऊन जवळजवळ दोनशे जण आजारी पडले. स्वयंपाक्याच्या बोटाला चिघळलेली जखम होती. नशिबाने वैमानिकांनी तो नाश्ता खाल्ला नव्हता. दोन्ही वैमानिकांनी एकच पदार्थ खाऊ नये, ही पद्धत आज बऱ्याच कंपन्या पाळतात.

आता हे आपल्या शाळेत आणा. शालेय पोषण आहाराची खिचडी मुलांना वाढण्याआधी शिक्षक आणि मोठी माणसं चव घेतात, नोंदवहीत लिहितात. का? १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत कीटकनाशक मिसळलेलं जेवण खाऊन २३ मुलं गेली. त्यानंतर चव घेण्याच्या नियमावर देशभर भर दिला गेला. ही गोष्ट लहान मुलांना सांगताना आवाज सांभाळावा लागतो, पण चौथी-पाचवीच्या मुलांना ती थोडक्यात सांगायला हरकत नाही. आम्ही आधी चव का घेतो, हे मुलांना कळलं पाहिजे. आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही त्या नोंदवहीचा कंटाळा येतो. तो आला की ही तारीख आठवावी.

वर्गातील कृती

'तपासणीची रांग' हा खेळ घ्या. मुलांनी घरून चिठ्ठ्यांवर पदार्थ लिहून आणायचे : घावणे, बोंबील, लाडू, तूप, आंबापोळी, खोबरं, लोणचं. दोन मुलं जवान होतात. 'हातातली बॅग', 'मोठी बॅग' आणि 'नेता येणार नाही' असे तीन डबे ठेवा. अडवणाऱ्याने "नाही" एवढंच म्हणून चालणार नाही, कारण सांगायचं. कारण नसेल तर प्रवासी पुढे जातो!

नंतर वहीत तीन रकाने : नियम, कारण, परिणाम. पहिल्या तीन ओळी विमानाच्या, पुढच्या तीन आपल्या शाळेच्या किंवा घराच्या. ज्या नियमाचं कारण सापडत नाही, तो मुलांनी मोठ्यांना विचारायचा.

पालकांसाठी

घरचं कुणी परदेशी निघालं असेल तर बॅग भरताना मुलांना शेजारी बसवा. भाकऱ्या, लाडू, चकली असं कोरडं हातात. लोणचं, तूप, आगळ पक्कं झाकण लावून, प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळून मोठ्या बॅगेत. सुकं खोबरं घरीच. तिखटाची पूड हातातल्या बॅगेत नको, कारण ती डोळ्यांत फेकता येते. सुकी मासळी, फळं यांना त्या-त्या देशाचे कस्टमचे नियम वेगळे असतात, ते आणि कंपनीची यादी निघण्याआधी पाहा.

आणि मूल "का?" म्हणालं तर "नियम आहे म्हणून" एवढ्यावर थांबू नका. उत्तर माहीत नसेल तर दोघांनी मिळून शोधा. आता नवी मुंबईचा विमानतळ आपल्याच रायगड जिल्ह्यात झाला आहे. आपल्यातली कितीतरी मुलं उद्या तिथे प्रवासी म्हणून जातील, काही कदाचित तपासणीच्या पलीकडच्या बाजूला उभीही राहतील. तेव्हा समोरच्या म्हातारीची बरणी बाजूला ठेवताना तिला दोन वाक्यांत कारण सांगणारा माणूस आपल्या शाळेतून गेलेला असावा, एवढीच अपेक्षा.