पोकरच्या चिप्सची पेटी घेताना आधी वजनकाटा काढा

कणकवली स्टेशनच्या पुलावरून उतरताना आमच्या पेटीची मूठ माझ्या हातात राहिली आणि पेटी सात पायऱ्या खाली गेली. आत 500 चिप्स होत्या. पाऊस, गाडीतून उतरलेली गर्दी आणि त्या गर्दीच्या पायांखाली घरंगळणाऱ्या लाल-निळ्या चकत्या. चौघांनी मिळून 460 गोळा केल्या. पेटी दोन वर्षांची होती, वरून नवीकोरी दिसत होती. तिचे सांधे उघडून पाहिले तेव्हा समजले की दोष त्या पावसाचा किंवा पायऱ्यांचा नव्हता. ती पेटी तेवढे वजन उचलून फिरवण्यासाठी बनवलेलीच नव्हती.

म्हणून पहिला सल्ला हा, की पेटी पाहायला जाण्याआधी तुमच्या चिप्स स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. दुकानात पेट्या ‘300ची’, ‘500ची’, ‘1000ची’ अशा नगांवर विकल्या जातात. नग सारखे असले तरी वजन सारखे नसते. आपल्याकडे सर्वात जास्त खपणारी चिप 11.5 ग्रॅमची असते. दुकानदार तिला ‘क्ले’ म्हणतात, पण ती प्लास्टिकच्या मिश्रणाची असते आणि आत धातूची चकती बसवलेली असते. अशा 500 चिप्स म्हणजे पावणेसहा किलो. 14 ग्रॅमच्या घेतल्या तर तेच 500 नग सात किलो भरतात, आणि हजार नग चौदा किलो. सिरॅमिक चिप साधारण दहा ग्रॅमची, म्हणजे 500चे पाच किलो. पेटीच्या मुठीला, बिजागरीला आणि तळाला फक्त हा किलोचा आकडा कळतो.

आता त्या चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या पेटीविषयी, कारण बहुतेकांकडे संचासोबत तीच येते. नाव अ‍ॅल्युमिनियमचे असले तरी धातू फक्त कडांच्या पट्ट्यांत असतो. बाजू बहुधा पातळ एमडीएफच्या असतात आणि त्यावर प्लास्टिकचा किंवा धातूसारखा दिसणारा पत्रा चिकटवलेला असतो. कपाटात ठेवायला, महिन्यातून एकदा दिवाणखान्यात आणायला ही पेटी चांगली आहे आणि स्वस्तही आहे. रिकामी घ्यायला गेलात तर मला दीड ते तीन हजार रुपये भाव सांगितले गेले. प्रवासात मात्र ती तीन ठिकाणी हरते. मूठ दोन लहान रिव्हेटवर असते आणि ते रिव्हेट एमडीएफमधून उपटून येतात. मागची बिजागरी दोन तुकड्यांची असते, त्यामुळे झाकण पिळले जाते आणि खटका जागेवर बसेनासा होतो. तिसरे म्हणजे ओल. एमडीएफला एकदा पाणी लागले की तो फुगतो, आणि फुगलेली कड पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. कोकणातला एक पावसाळा तिला पुरतो.

तरीही ही पेटी घ्यायची असेल तर आत हात घालून मुठीच्या मागे पाहा. आतून धातूची पट्टी किंवा वॉशर लावून नट-बोल्ट मारलेले असतील तर घ्या, नुसतेच रिव्हेट असतील तर नको. बिजागरी पेटीच्या पूर्ण लांबीची असावी. आणि एक परीक्षा दुकानातच करा. पाच किलोची पिठाची पिशवी सोबत न्या, पेटीत ठेवा, खटके लावा आणि मुठीला धरून दहा-वीस पावले चाला. झाकणाची फट रुंद होताना दिसली तर पेटी परत द्या. ऑनलाइन मागवली असेल तर हेच घरी करा, पण परत करण्याची मुदत संपायच्या आत.

प्रवासासाठी माझी पसंती जाड पॉलिमरच्या पेटीला आहे. छायाचित्रकार आणि ड्रोनवाले कॅमेऱ्यासाठी वापरतात ती. या जातीचे सर्वात प्रसिद्ध नाव म्हणजे अमेरिकेची पेलिकन, 1976 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली. कॅनडाच्या नॅनुकच्या पेट्याही त्याच तोडीच्या. या पेट्यांना झाकणाभोवती रबरी कडे असते आणि कुलपासाठी धातूने मढवलेली भोके असतात. अंगावर आयपी 67 असे लिहिलेले दिसले तर 6 हा आकडा धुळीसाठी आहे, धूळ अजिबात आत जात नाही. 7 पाण्यासाठी, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास ठेवली तरी आत पाणी शिरत नाही. चिप्स कोणी विहिरीत टाकत नाही हे मान्य. पण बसच्या टपावर किंवा होडीच्या तळाशी पेटी ठेवणाऱ्याला या रबरी कड्याची किंमत समजते.

हवाबंद पेटीला दाब सोडणारी लहान झडप आहे ना, हे नक्की पाहा. विमानासाठी ती लागतेच, आपल्या घाटांसाठीही लागते. महाबळेश्वरला बंद केलेली बिनझडपेची पेटी चिपळूणला उतरल्यावर सहजी उघडत नाही, कारण बाहेरच्या हवेचा दाब वाढलेला असतो आणि तो झाकण दाबून धरतो. चाकू घालून उचकटण्याच्या नादात रबरी कडे कापले जाते.

भावांत फार फरक आहे. परदेशी नावाची, मध्यम आकाराची पेटी आपल्याकडे पंधरा हजारांच्या पुढेच जाते. त्याच धाटणीची साधी पेटी, हत्यारे आणि मोजमापाची उपकरणे विकणाऱ्या दुकानांत, मला अडीच ते पाच हजारांत मिळाली. घरगुती चिप्ससाठी ही दुसरी पुरते. किमतीत फोम धरला आहे की नाही हे आधी विचारा, पुष्कळदा तो वेगळा घ्यावा लागतो. माझा हिशोब असा, की चिप्सच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त पैसे पेटीत घालू नयेत. पाच हजारांच्या संचाला पंधरा हजारांची पेटी घेण्यापेक्षा दुसरा संच घेतलेला बरा. नाव छापून खास करून घेतलेल्या सिरॅमिक चिप्सची गोष्ट वेगळी. आमच्या गटाने 600 करून घेतल्या, चिपमागे साठ-सत्तर रुपये पडले. त्यातल्या वीस हरवल्या तर तेवढ्याच पुन्हा कोणी छापून देत नाही, आणि दिल्या तरी रंगाची छटा जुळत नाही. तिथे पेटीवर आठ-दहा हजार घालणे मला योग्य वाटते.

आपल्या शहरांत आणखी एक वाट आहे. हार्मोनियम, तबला आणि ध्वनिसाहित्यासाठी प्लायवुडच्या पेट्या करून देणारे कारागीर असतात. प्लाय, कडांना अ‍ॅल्युमिनियमचे चॅनेल, कोपऱ्यांवर धातूच्या गोल टोप्या आणि आत बसणारे फिरकीचे खटके. तुमच्या मापाची पेटी ते आठवड्यात देतात. मला लहान पेटीसाठी साडेतीन ते सहा हजार सांगितले. ही पेटी आयुष्यभर टिकते, पण रिकामीच चार-पाच किलोची होते. चारचाकीने जाणाऱ्यांनी जरूर विचार करावा, विमानाने जाणाऱ्यांनी नाही.

माप कसे घ्यायचे? नेहमीच्या चिपचा व्यास 39 मिलिमीटर असतो आणि जाडी सव्वातीन ते साडेतीन मिलिमीटर. वीस चिप्सची एक थप्पी आणि पाच थप्प्यांचा, म्हणजे शंभर चिप्सचा, एक रॅक. अ‍ॅक्रिलिकचा रॅक भरल्यावर साधारण साडेवीस सेंटीमीटर लांब, आठ रुंद आणि साडेचार उंच होतो. चिप्स रॅकमध्येच ठेवून रॅक पेटीत घालणे हे माझ्या मते सर्वात सुरक्षित. थप्प्या सैल राहिल्या की चिप्सच्या कडा एकमेकींवर घासतात आणि आधी कडेचा रंग जातो. रॅक मला दीडशे ते तीनशे रुपयांना मिळाले. 300 चिप्सचे तीन रॅक शेजारी शेजारी ठेवले, चारही बाजूंना आणि खाली-वर दोन-दोन सेंटीमीटर फोम धरला, तर पेटीच्या आतले माप 25 बाय 28 बाय 9 सेंटीमीटर लागते. दुकानदार बाहेरचे माप सांगतो. टेप लावून आतले स्वतः मोजा.

फोमवर मात्र अजिबात काटकसर करू नका. स्वस्त पेट्यांत काळा, मऊ स्पंज असतो. आपल्या दमट हवेत तो काही वर्षांत चिकट होतो आणि भुगा होऊन पडतो. तो काळा चिकटा चिप्सच्या खाचांत बसला की दात घासायच्या ब्रशनेही नीट निघत नाही. चौकोनी तुकडे तोडून खाच करायचा फोमही चिप्ससाठी कामाचा नाही, कारण मधल्या पातळ भिंती इतक्या वजनाखाली वाकतात. ईव्हीए फोम घ्या, व्यायामाच्या चटईसारखा घट्ट. नाहीतर टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा ईपीई. अंगठ्याने जोरात दाबा. बोट तळाला टेकत असेल तर तो फोम पाच किलोला काही कामाचा नाही. एका पेटीपुरता तुकडा चारपाचशे रुपयांत येतो आणि कटरने घरीच कापता येतो.

एक मोठी पेटी की दोन लहान? दोन लहान, निःसंशय. इंडिगोच्या देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाला सात किलो आणि खाली जाणाऱ्या सामानाला 15 किलोची मर्यादा आहे. 600 चिप्सची भरलेली पेटी दहा-बारा किलोची होते. मग कपड्यांना तीन किलो उरतात, आणि विमानतळावर जास्तीच्या प्रत्येक किलोला पाचशेच्या वर मोजावे लागतात. 300 सिरॅमिक चिप्सची पेटी रॅक आणि फोमसकट सहा किलोच्या आत राहते, ती हातात नेता येते. चिप्सच्या दाट थप्प्या यंत्रात ठोकळ्यासारख्या दिसतात, त्यामुळे पेटी उघडायला सांगतील हे धरून चाला आणि किल्ली खिशात ठेवा. रेल्वेत ही चिंता नाही. शयनयान डब्यात माणशी 40 किलो सामान विनाशुल्क नेता येते.

हे सगळे गुणांसाठी खेळणाऱ्या घरगुती मंडळींसाठी आहे. महाराष्ट्रात जुगाराविरुद्धचा 1887चा कायदा लागू आहे, हे दिवाळीच्या बैठकीतही लक्षात असू द्या.

आमच्या 600 चिप्स आता दोन पॉलिमर पेट्यांत आहेत. पेट्यांचे सात हजार, सहा रॅकचे बाराशे, फोमचे नऊशे आणि सिलिका जेलच्या पुड्यांचे अडीचशे, मिळून नऊ हजार तीनशे पन्नास. पावसाळी सहलीहून परतल्यावर पेट्या लगेच बंद करून माळ्यावर टाकत नाही. रबरी कडे जशी ओल बाहेर ठेवते तशी आतलीही कोंडून ठेवते. रॅक बाहेर काढतो, झाकणे उघडी ठेवतो, रात्रभर पंखा लावतो आणि सकाळी नव्या पुड्या टाकून खटके लावतो.