रक्ताची गुठळी : शब्द आणि अर्थ

पातळ पदार्थ घट्ट होण्याच्या क्रियेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. पाणी थंडीने गोठते, तूप थिजते, दूध विरजते, बासुंदी आटून दाट होते. यांतील काही शब्द आपण रक्तासही लावतो आणि त्यांच्यासमवेत स्वयंपाकघरातील अनुभवही नकळत रुग्णशय्येपाशी येतो. नातेवाइकांचे निर्णय पुष्कळदा त्यावर ठरतात. म्हणून तीन शब्दप्रयोगांचा विचार येथे केला आहे.

पहिला, ‘रक्त गोठणे’. थिजलेले तूप शेकले की पूर्ववत होते. रक्ताचे तसे नाही. रक्तवाहिनीस इजा होताच प्लेटलेट्स तेथे चिकटतात, रक्तातील एका प्रथिनापासून फायब्रिनचे तंतू बनतात आणि त्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकून गुठळी होते. जखमेचा रक्तस्राव थांबतो तो याच क्रियेमुळे. मात्र पायाच्या खोल शिरेत झालेली गुठळी शेकाने वा मालिशीने विरघळत नाही. उलट मालिशीने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. एकाच पायास अचानक सूज व वेदना आल्यास तो न चोळता तत्काळ डॉक्टरांना दाखवावा.

दुसरा, ‘रक्त पातळ करणारी गोळी’. १९५४ पासून मानवी उपचारांत असलेले वॉरफेरिन किंवा तत्सम औषध ताकात पाणी घालावे तसे रक्त पातळ करीत नाही. ते गोठण्याची क्रिया मंद करते. ‘रक्त पातळ झाले तर अशक्तपणा येईल’ या समजुतीने गोळी परस्पर बंद केल्यास, विशेषतः हृदयात कृत्रिम धातूची झडप असलेल्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. गोळी परस्पर वाढविल्यास रक्तस्रावाचे भय असते. वॉरफेरिनची मात्रा आय.एन.आर. तपासणीवरूनच ठरते.

तिसरा, ‘मेंदूत रक्त साकळले’. मुका मार लागून त्वचेखाली रक्त साकळते, हे सर्वांस ठाऊक आहे. पक्षाघातात मात्र या एकाच वाक्याने दोन भिन्न गोष्टी सांगितल्या जातात : गुठळीने वाहिनी बंद होणे आणि वाहिनी फुटून रक्तस्राव होणे. पहिल्या प्रकारात योग्य रुग्णास गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सामान्यतः ४.५ तासांच्या आत देता येते. दुसऱ्यात तेच प्राणघातक ठरू शकते. बाह्य लक्षणांवरून हा भेद खात्रीने कळत नाही, म्हणून प्रथम सी.टी. स्कॅन करावा लागतो. तो खर्च अनाठायी नव्हे. रुग्ण शेवटचा ठीक केव्हा दिसला, ती वेळ नातेवाइकांनी आवर्जून सांगावी.

गुठळीस ‘गाठ’ म्हटल्यानेही कर्करोगाची भीती अकारण घर करते. तेव्हा डॉक्टरांस निःसंकोच विचारावे : गुठळी आहे की रक्तस्राव? कोठे? औषध किती काळ घ्यावयाचे? ही उत्तरे कागदावर लिहून घेतल्यास घरी गेल्यावर घोटाळा होत नाही.