लांब पायांचे नाकतोडे : वर्गीकरण व आढळ

पावसाचा जोर ओसरला की राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगड या तालुक्यांत दिवेलागणीनंतर झुडपांतून किड्यांचा गजर सुरू होतो. तो कोणाचा, असे वर्गात विचारल्यास ‘रातकिड्यांचा’ हे उत्तर एका सुरात मिळते. उत्तर चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. या गजरात रातकिड्यांच्या जोडीला लांब मिशांच्या नाकतोड्यांचाही वाटा असतो, आणि त्यांतील एका गटाचे मागील पाय इतके लांब असतात की शास्त्रीय नावही त्यावरूनच पडले आहे. ‘मेकोपोडा’ या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी लांब पायांचा.

प्रथम वर्गीकरण पाहू. टोळ, नाकतोडे व रातकिडे हे सर्व ऑर्थोप्टेरा, म्हणजे सरळ पंखांच्या कीटकांच्या गणात मोडतात. या गणाचे दोन उपगण आहेत. भातावर व गवतावर दिवसा उड्या मारणारा आखूड मिशांचा नाकतोडा आणि टोळ एका बाजूला. लांब, केसासारख्या मिशांचे कीटक दुसऱ्या बाजूला. रातकिडा व लांबपायी नाकतोडा हे या दुसऱ्या उपगणातील. लोकभाषेत दोन्ही हिरव्या किड्यांना नाकतोडाच म्हणतात, त्यामुळे मुलांचा घोटाळा होणे स्वाभाविक आहे. तो दूर करण्यास मिशा पुरेशा आहेत : शरीराहून लांब असतील तर तो टोळाचा सख्खा नव्हे. आणखी एक खूण मुलांना फार आवडते. टोळाचा कान पोटाच्या पहिल्या वळ्याच्या बाजूस असतो, तर लांब मिशांच्या नाकतोड्याचा कान पुढील पायाच्या नडगीवर, गुडघ्याच्या किंचित खाली असतो. भिंगातून तो बारीक फटीसारखा दिसतो.

या लांब मिशांच्या कुळाचे नाव टेटिगोनिडी. त्यात अनेक उपकुळे असून मेकोपोडिनी हे लांबपायी नाकतोड्यांचे उपकूळ होय. आपल्याकडील त्याचा मुख्य प्रतिनिधी म्हणजे मेकोपोडा इलोंगाटा. लिनियसने १७५८ साली या जातीचे प्रथम वर्णन केले. मेकोपोडा ही स्वतंत्र प्रजाती सर्व्हिल याने १८३१ मध्ये मांडली. काही किडे हिरवे, तर काही वाळक्या पानासारखे तपकिरी असतात. रंग पाहून दोन जाती मानण्याची चूक सहज घडते. मादीच्या पोटाच्या टोकास तलवारीसारखी अंडी घालण्याची नळी असते. गातो तो फक्त नर. डाव्या पुढील पंखाच्या खालच्या बाजूस कानशीसारखी दातेरी शीर असते. ती उजव्या पंखाच्या कडेवर घासून तो आवाज काढतो.

या उपकुळाचा आढळ आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया व पॅसिफिक बेटे असा उष्ण प्रदेशांत पसरलेला आहे. न्यू गिनीकडे त्यातील काही जाती नारळीची पाने खाऊन मोठे नुकसान करतात. मेकोपोडा मात्र भारतापासून चीन, जपान व आग्नेय आशियापर्यंतचा. चीनमध्ये त्याला सूत कातणारी किंवा विणकरीण अशा अर्थाचे नाव आहे, कारण त्याचा आवाज चरख्यासारखा वाटतो. जपानी लोकांना त्यांच्याकडील जातीच्या आवाजात घोड्याच्या लगामाची कडी खुळखुळताना ऐकू येते. आपल्या मुलांना तो कशासारखा वाटतो, हे विचारून पाहावे. भाषेच्या तासालाही हा प्रश्न उपयोगी पडेल.

आता खरी अडचण. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विवेक नित्यानंद व रोहिणी बालकृष्णन यांनी २००६ साली दक्षिण भारतातील मेकोपोडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाह्यांगावरून एकमेकांपासून ओळखू न येणारे हे किडे पाच निरनिराळ्या प्रकारची गाणी गातात, असे त्यात दिसून आले. एका प्रकाराचे नाव आगगाडी, दुसऱ्याचे हेलिकॉप्टर; एक चिरचिर करणारा, एक दुहेरी चिरचिर करणारा, तर एकाचे गाणे दोन भागांचे. चिरचिर करणाऱ्या प्रकारातील शेजारचे नर एकमेकांशी ताल जुळवून गातात. म्हणजे एका नावाखाली आपण कदाचित अनेक जाती गोळा करीत आहोत. शाळेच्या कीटकपेटीत टाचणीने टोचलेला नमुना या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही. मेलेला किडा गात नाही. या पाठासाठी कीटक मारण्याचे प्रयोजन म्हणूनच उरत नाही.

शिक्षकांनी मुलांना ऐकावयास शिकवावे. आवाज अखंड आहे की तुटक? तुटक असल्यास दहा सेकंदांत किती वेळा? प्रथम हळू व मग जलद होतो काय? मोबाइलवर ध्वनिमुद्रण करता आले तर उत्तमच. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वय वाढते तसे माणसाला वरच्या पट्टीतील ध्वनी कमी ऐकू येतात. या कीटकाच्या आवाजाचा बराच भाग त्याच पट्टीत, आणि काही भाग तर कोणाही माणसाच्या कानापलीकडचा असतो. तेव्हा एखाद्या मुलाने ‘गुरुजी, तिकडे वाजते आहे’ असे सांगितले व गुरुजींना काहीच ऐकू आले नाही, तर मुलाला खोटे ठरवू नये. त्याच्याबरोबर त्या झुडपापाशी जावे.

नोंदवहीत तारीख, वेळ, गाव, झाडाझुडपाचे नाव व आवाजाचे वर्णन लिहावे. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत कीटक पकडू नयेत, केवळ ऐकावे. शिरोळ, हातकणंगले या पूर्वेकडील उसाच्या व उघड्या रानाच्या भागांतील शाळांनीही ही वही ठेवावी. तेथे हा आवाज आला नाही, तर ‘आज ऐकू आला नाही’ असे तारखेसह लिहावे. आढळाचा नकाशा काढताना ती नोंदही तितकीच लागते.